स्वयंसेवी शिधाकेंद्र कसं चालवावं: पहिल्या हिशेबापासून टंचाईच्या दिवसापर्यंत

गरजू कुटुंबांना ठरावीक दिवशी कोरडा शिधा देणारं केंद्र सुरू करताना बहुतेक गट एकाच ठिकाणी चुकतात. ते सगळ्यात आधी देणगीचं आवाहन करतात. आठवडाभरात खोली भरते. मग पोती कुठे रचायची, कोणाला किती द्यायचं, किल्ली कोणाकडे राहील यावर बैठका सुरू होतात, आणि तोवर पिठाला जाळी धरलेली असते. क्रम उलटा हवा. आधी एका माणसाचा वाटा आणि वाटपाचा दिवस, मग जागा, मग माणसं. माल सगळ्यात शेवटी.

पुढचे आकडे २० कुटुंबं (साधारण ८० माणसं) आणि दर दोन आठवड्यांनी एक वाटप असं धरून दिले आहेत. तुमची संख्या वेगळी असेल तर गुणाकार बदला, टप्प्यांचा क्रम तसाच ठेवा.

## टप्पा १ : एका माणसाचा वाटा ठरवा

आपत्तीच्या काळात दिल्या जाणाऱ्या शिध्याचं रुळलेलं प्रमाण असं आहे: माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, २५ ग्रॅम तेल, ५ ग्रॅम आयोडीनयुक्त मीठ. एका माणसाची दिवसाची सरासरी गरज २,१०० किलोकॅलरी धरतात. या चार वस्तूंतून त्यातल्या साधारण १,८०० ते १,८५० मिळतात, उरलेली भर साखर किंवा पौष्टिक पिठांतून घालतात.

तुमचं केंद्र बहुधा पूर्ण शिधा देणार नाही, घरच्या कमाईला जोड देणार आहे. म्हणून किती टक्के भार उचलायचा ते आधीच ठरवा. निम्मा धरला तर दोन आठवड्यांसाठी माणशी २.८ किलो धान्य, ४२० ग्रॅम डाळ आणि साधारण १९० मिलिलिटर तेल येतं. हे आकडे पुड्या बांधायला सोपे करून घ्या:

- धान्य: माणशी ३ किलोची एक पिशवी. ८० माणसांना २४० किलो.
- डाळ किंवा कडधान्य: माणशी अर्ध्या किलोची एक पुडी. एकूण ४० किलो.
- तेल: पाच माणसांपर्यंत कुटुंबाला १ लिटर, त्यापुढे २ लिटर. फक्त कंपनीच्या सीलबंद पिशवीत किंवा बाटलीत.
- मीठ: कुटुंबाला १ किलोचं पाकीट, दर दुसऱ्या महिन्याला.

इथे घाई करू नका. ‘प्रत्येक कुटुंबाला एक किट’ ही पद्धत सोपी वाटते म्हणून जवळजवळ सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण त्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जेवढं मिळतं तेवढंच सात जणांच्या घराला मिळतं. शिवाय एकट्या माणसाकडचं पीठ संपायच्या आत खराब होतं. माणशी पुडी बांधली की वाटपाच्या टेबलावर हिशेब एका ओळीत संपतो: घरात पाच माणसं, पाच पिशव्या, पाच पुड्या.

तपासणी: एका वाटपाला किती किलो माल लागतो हा आकडा गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : जागा

जागा मोठी असण्यापेक्षा कोरडी असणं महत्त्वाचं. भिंतीला ओल, छताला गळती किंवा जवळ सांडपाण्याची लाइन असेल, तर फुकट मिळत असली तरी ती घेऊ नका.

१. पोती जमिनीवर ठेवू नका. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या चौकटींवर, जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर उंच ठेवा. भिंतीपासूनही तेवढंच अंतर सोडा. जमिनीची ओल खालून चढते, खालच्या पोत्यातल्या धान्याचे गड्डे होतात आणि वरचं पोतं उचलेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

२. थप्पी छातीच्या उंचीवर थांबवा. एक थर उभा, एक आडवा अशी सांगड घाला, नाहीतर ती घसरते. ५० किलोचं पोतं दोघांनीच उचलायचं. शक्य तिथे २५ किलोचीच पोती मागा, कमरेची दुखणी घेऊन स्वयंसेवक टिकत नाहीत.

३. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. दाराखाली धातूची पट्टी लावा. पाइप भिंतीतून जिथे आत येतो तिथे स्टीलची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपा. नुसतं सिमेंट तो कुरतडतो.

४. साबण, फिनेल, धुण्याची पावडर यांचं कपाट वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, खाण्याच्या वस्तूंच्या वर कधीच नको. पीठ आणि चहा वास ओढून घेतात आणि तो जात नाही.

५. खोलीत थर्मामीटर टांगा. खोली जितकी थंड आणि कोरडी, तितका माल टिकतो. उन्हाची तिरीप पडते तिथे तेल ठेवलं की ते खवट होतं.

फ्रिज पहिले सहा महिने नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. फ्रिज आला की आतलं तापमान ५ अंश सेल्सियस किंवा त्याखाली, फ्रीझरचं उणे १८ अंश, आणि त्याची रोजची नोंद, हे सगळं येतं. वीज गेली तर बंद दाराआडचा माल फ्रिजमध्ये साधारण ४ तास आणि खच्चून भरलेल्या फ्रीझरमध्ये ४८ तास टिकतो. फ्रीझर अर्धा भरलेला असेल तर २४ तास. आठवड्यातून दोनदा उघडणाऱ्या केंद्रात वीज कधी गेली आणि कधी आली हे सांगायलाच कोणी नसतं.

## टप्पा ३ : माणसं आणि जबाबदाऱ्या

स्वयंसेवक पंधरा असले तरी काम तिघांवरच पडतं, कारण कामं माणसांच्या नावावर नसतात. पाच जबाबदाऱ्या ठरवा: आवक, साठा, पुड्या बांधणं, नोंदणी आणि वाटप, दाराशी स्वागत. प्रत्येकीवर दोन नावं, एक मुख्य आणि एक बदली. किल्ल्या दोनच, त्याही दोन वेगळ्या घरांत.

पैशांचं खातं गटाच्या नावावर आणि दोघांच्या सह्यांनी चालणारं हवं. माल बाहेर काढतानाही वहीत दोन सह्या. हा कोणावरचा अविश्वास नाही. उद्या हिशेबावर बोट ठेवलं गेलं तर आपल्याच माणसाचं संरक्षण त्या दुसऱ्या सहीनं होतं.

थांबा: उलटी किंवा जुलाब झालेला स्वयंसेवक त्रास पूर्ण थांबल्यावर ४८ तास मालाला हात लावणार नाही. हा नियम पहिल्याच बैठकीत सांगा. ऐन वेळी सांगितला की माणूस दुखावतो, किंवा आजार लपवून येतो.

## टप्पा ४ : माल घेताना

आवाहन आता करा. त्यात चार ते सहाच वस्तू, प्रत्येकीचं प्रमाण, आणि माल घ्यायचा दिवस-वेळ लिहा. ‘काहीही चालेल’ असं लिहिलं की लोक कपाटाच्या तळाशी पडलेलं आणून देतात. ते निवडण्यात तुमचा अख्खा दिवस जातो. वेळ संपल्यावर दाराशी पिशवी ठेवून जायची परवानगी देऊ नका. रात्रभर बाहेर राहिलेल्या अन्नाची खात्री देता येत नाही.

पोतं तपासण्याची पद्धत. पोतं खोलीत न्यायच्या आधी बाहेर, उजेडात उघडा. वरचं मूठभर धान्य बघून समाधान मानू नका, कीड मध्यभागी आणि शिवणीपाशी असते. नमुना काढायची नळी वरून, मधून आणि तळातून खुपसून मूठ-मूठ धान्य काढा. पांढऱ्या कागदावर बारीक चाळणीनं चाळा आणि दोन मिनिटं हलवू नका. कागदावर काही चालायला लागलं तर पोतं परत. दाणे एकमेकांना चिकटून लोंब्यासारखे वर आले तर ती जाळी आहे, तेही परत. मग हात पोत्यात कोपरापर्यंत घाला: आत ऊब लागली तर धान्य ओलं आहे किंवा त्यात कीड आहे. शेवटी वास घ्या. कुबट वास आला तर उन्हात वाळवून घेऊ, असा विचार करू नका. बुरशी वाळते, पण तिनं सोडलेलं विष धान्यात राहतं. शेंगदाणे आणि मका यांत हा धोका सर्वांत मोठा, त्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष शिजवूनही पुरतं नष्ट होत नाही.

काय घ्यायचं नाही:

- घरात शिजवलेलं अन्न. ५ ते ६० अंश सेल्सियसमध्ये जंतू झपाट्यानं वाढतात, आणि ते अन्न वाटेत किती वेळ होतं हे कळायला मार्ग नसतो.
- उघडलेली पाकिटं, घरी डबाबंद केलेले पदार्थ, नाव किंवा तारीख नसलेल्या पिशव्या.
- फुगलेला, गळणारा, शिवणीवर चेपलेला किंवा खोल गंजलेला डबा. आत बॉट्युलिझम या जीवघेण्या आजाराचं विष असू शकतं आणि त्याला वास असेलच असं नाही. उघडून चाखून बघणं तर अजिबात नको.
- कीडनाशक पावडर चोळलेलं धान्य.
- लहान बाळांच्या दुधाची पावडर: सील तुटलेली किंवा तारीख उलटलेली असेल तर कधीच नाही. चांगली असली तरी आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याशिवाय सरसकट वाटू नका. अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर बाळाला आजारी पाडते, आणि फुकटचा डबा आला की आईचं दूध मागे पडतं.

तारखांबद्दल गोंधळ फार होतो. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव आणि प्रत उत्तम राहील. ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खाऊ नये. तारीख उलटलेला माल वाटण्याबद्दल तुमच्याकडे जो कायदा असेल तो आधी पाळा. त्याहून कडक असा एक घरचा नियम ठेवा: वाटपाच्या दिवशी पाकिटावर किमान एक महिना शिल्लक हवा. नेलेलं पीठ कोणी त्याच रात्री संपवत नाही.

नाकारताना दाराशी एक छापील यादी लावलेली असावी. देणाऱ्याला ‘तुमचं वाईट आहे’ असं सांगावं लागत नाही, यादीकडे बोट दाखवता येतं.

## टप्पा ५ : साठा

घेतलेल्या प्रत्येक मालाला आवक क्रमांक द्या. तो, आलेल्याची तारीख आणि संपायची तारीख अशा तीन गोष्टी जाड मार्करनं पुढच्या बाजूला लिहा. क्रमांकाचा कंटाळा सगळ्यांना येतो. पण उद्या एखाद्या पिठातून त्रास झाल्याची तक्रार आली तर ते पीठ कोणत्या घरांत गेलं हे फक्त या क्रमांकावरून शोधता येतं.

रचताना ज्याची तारीख आधी संपते ते पुढे. आधी आलेलं आधी बाहेर, हा नियम देणगीच्या मालाला पुरत नाही, कारण काल आलेल्या पाकिटाची तारीख महिन्यापूर्वी आलेल्या पाकिटाच्या आधीची असू शकते.

चार ते सहा आठवड्यांत वाटला जाईल त्याहून जास्त माल साठवू नका. ८० माणसांच्या केंद्रात सहा आठवड्यांचं धान्य म्हणजे ७२० किलो, ५० किलोची पंधरा पोती. त्यापुढचं कोणी देऊ केलं तर तारीख ठरवून पुढच्या महिन्यात मागा, किंवा दुसऱ्या केंद्राकडे पाठवा.

थांबा: कीड लागली म्हणून धुरीच्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, पोत्यात किंवा खोलीत ठेवू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचा जीव घेतो, आणि तो भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. किडलेलं पोतं त्याच दिवशी बाहेर काढा, फळी झाडा, शेजारची पोती तपासा. थोड्या धान्याचा संशय असेल तर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवलं की कीड आणि अंडी मरतात.

## टप्पा ६ : पुड्या बांधणं

हे काम वाटपाच्या आदल्या दिवशी करा. त्याच सकाळी बांधायला घेतलं की रांग लागते, घाई होते आणि वजनं चुकतात. तीन दिवस आधी बांधलं तर पिशव्या ठेवायला जागा नसते.

सहा जण पुरतात: एक पोतं उघडून ओततो, दोघं भरतात, एक वजन करतो, एक तोंड बांधतो, एक चिठ्ठी लावून मोजतो. वजन करणारा मध्येच बदलू नका.

१. हात साबणानं २० सेकंद धुवा, अंगठ्या-बांगड्या काढा, केस बांधा. टेबल धुऊन पूर्ण कोरडं करा.

२. काटा तपासा. सीलबंद १ किलोचं मीठ चालेल, पण प्रमाणित वजन असलं तर उत्तम. रिकामी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणा. दर वीस पिशव्यांनंतर पुन्हा तपासा.

३. एका वेळी एकच वस्तू. गहू बांधून झाल्यावर टेबल पुसून मगच पुढचं. शेंगदाण्यासाठी वेगळा मापटा, वेगळं टेबल, आणि तेही सर्वांत शेवटी. ज्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्याला डाळीत मिसळलेला चुरासुद्धा घातक ठरू शकतो.

४. चिठ्ठीवर वस्तूचं नाव, वजन, मूळ पाकिटावरची संपायची तारीख, बांधल्याची तारीख, आवक क्रमांक. गहू, सोयाबीन, शेंगदाणे, दूध असे अॅलर्जीकारक घटक असतील तर तेही ठळक अक्षरांत.

राजमा दिला तर चिठ्ठीवर एक ओळ वाढवा: ‘भिजवून पाणी फेका, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा, मग मऊ शिजवा.’ कच्च्या किंवा मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्यानं उलट्या-जुलाब होतात. आणि बाळ असलेल्या घरात मध गेलाच तर एक वर्षाखालच्या बाळाला तो देऊ नये, हे तोंडानंही सांगा.

तपासणी: ८० पिशव्या बांधून झाल्यावर कोणत्याही पाच काढून पुन्हा तोला. एकही ५० ग्रॅमनं कमी भरली तर सगळ्या तोला.

## टप्पा ७ : वाटपाचा दिवस

रांग लावू नका, वेळा द्या. दर २० मिनिटांना पाच कुटुंबं, म्हणजे २० कुटुंबांचं काम दीड तासाच्या आत संपतं. आत खुर्च्या ठेवा. रस्त्यावरून दिसेल अशी उभी रांग ही माणसं न येण्याचं मोठं कारण असतं.

नोंदणीत फक्त चार गोष्टी विचारा: नाव, घरातली माणसं, फोन, आणि बाळ, आजार किंवा अॅलर्जी आहे का. उत्पन्नाचे दाखले मागत बसू नका. ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्याकडेच कागद कमी असतात. पहिल्यांदा आलेल्या कुटुंबाला नोंदणी करून त्याच दिवशी शिधा द्या, त्यासाठी पाच माणसांच्या पिशव्या जास्तीच्या बांधून ठेवा. यादी कुलपात ठेवा, तिचा फोटो कोणाच्या फोनमध्ये नको. शिधा घेतानाचे फोटो काढू नका, देणगीदारानं मागितले तरी. पोत्यांचे आणि भरलेल्या फळ्यांचे फोटो पाठवा.

सुट्या वस्तू (साखर, चहा, बिस्किटं, मसाले) वाटून देऊ नका, एका टेबलावर मांडा आणि कुटुंबाला ठरलेल्या संख्येत स्वतः निवडू द्या. जे घरात खाल्लं जात नाही ते दिलं तर ते वाया जातं. कोणत्या वस्तू टेबलावर पडून राहतात ते लिहून ठेवा आणि पुढच्या आवाहनातून त्या काढा.

न आलेल्या कुटुंबाला त्याच संध्याकाळी फोन करा, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत पिशवी राखून ठेवा. आजारी माणसाच्या वतीनं शेजारी आला तर त्या कुटुंबाला नोंदणीत दिलेलं टोकन पाहून द्या.

## टप्पा ८ : मोजदाद आणि टंचाई

वाटप संपलं की घरी जाण्याआधी मोजा. सुरुवातीचा साठा, अधिक आवक, वजा वाटप, वजा फेकलेला माल, एवढा माल फळीवर दिसला पाहिजे. सांडलवंडीमुळे थोडा फरक पडतो. तो दोन टक्क्यांच्या वर गेला तर कारण त्याच दिवशी शोधा, पुढच्या वाटपापर्यंत कोणालाच काही आठवत नाही. फेकलेल्या मालाचं कारणही लिहा: कीड, ओल, तारीख. तीन वेळा एकच कारण आलं तर दोष फळीत, खोलीत किंवा आवक तपासणीत आहे.

पुढच्या वाटपाच्या पाच दिवस आधी दुसरी मोजणी करा. तुटवडा दिसला तर या क्रमानं चला:

१. ठरावीक देणगीदारांना नेमकी वस्तू आणि नेमके किलो सांगून फोन करा. ‘मदत हवी’ याला उत्तर येत नाही, ‘शुक्रवारपर्यंत ३० किलो डाळ हवी’ याला येतं.

२. गटाच्या खात्यात एका वाटपाचं धान्य आणि डाळ घेता येईल एवढी रक्कम बाजूला असावी. ती वापरा, आणि वापरल्यावर ती पुन्हा भरणं हे पुढच्या आवाहनातलं पहिलं काम.

३. तरीही कमी पडलं तर सगळ्यांचा वाटा सारखाच कमी करा. तीन किलोचे अडीच करा. शेवटच्या चार कुटुंबांना रिकाम्या हातानं पाठवू नका. कमी मिळणार आहे हे दोन दिवस आधी फोनवर सांगा, म्हणजे घरात त्यांना बेत आखता येतो.

४. वाटा सलग दोन वाटपं कमी राहिला तर नवी नोंदणी थांबवा आणि नावं तारखेनुसार प्रतीक्षा यादीत घ्या. त्या कुटुंबांना थांबायला सांगताना जवळच्या दुसऱ्या केंद्राचा पत्ता आणि वेळ हातात द्या. बाळ, गरोदर बाई किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस असलेलं घर यादीत थांबत नाही. त्याला जास्तीच्या पाच पिशव्यांमधून द्या.